तंबोरा प्लगिन: कामाच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. नाहीतर मागच्या वेळसारखं होतं, तीन आठवडे जोरात काहीतरी करते, मग ऑफिसचं रिलीज येतं, आणि परत उघडल्यावर आपलाच कोड ओळखू येत नाही.

काय करायचंय: आईच्या रियाजासाठी तंबोऱ्याचं प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून आवाज काढणारा छोटा प्रोग्राम. तिचा मिरजेचा तंबोरा आहे पण जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणक, पार गेलीये, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, खाचा पडल्यात, आणि मिरजेला न्यायचा म्हणता म्हणता दिवाळी होऊन गेली. तोवर ती फोनमधलं ॲप लावते, पण ते म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा गोल गोल फिरतो आणि जोड बसवलेल्या जागी दरवेळी बारीक 'खट्' होतं. आई म्हणते, मी आलाप सोडून त्या खट्ची वाट बघत बसते. मी रेकॉर्डिंगला लिनक्सवर आर्डर वापरते, तर त्यातच चालणारं काहीतरी आपणच लिहावं असं डोक्यात शिरलं. सी प्लस प्लस येतं, पोट त्याच्यावरच आहे, पण ऑडिओचं काम आयुष्यात केलेलं नाही. कोर्स घ्यायचा नाही, लोकांनी खुला ठेवलेला कोड वाचून शिकायचं.

आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा. सगळे नाव घेतात म्हणून सर्ज हे सिंथेसायझरचं प्लगिन क्लोन केलं, म्हणजे त्याचा सगळा कोड उतरवला. सबमॉड्यूलं उतरेपर्यंत चहा करून पिऊन झाला. मग 'आवाज नक्की कुठे तयार होतो' ते शोधायला बसले, एका फंक्शनमधून दुसऱ्यात, तिथून बेस क्लासमध्ये, तिथून टेम्प्लेटमध्ये, साडेअकराला सोळा टॅब उघडे आणि हातात काही नाही. कोड वाईट नाहीये, उलट फार नीटनेटका आहे. पण ते आधी विकलं जाणारं सॉफ्टवेअर, २०१८ मध्ये जीपीएल या खुल्या लायसन्सखाली खुलं झालं, म्हणजे जगासमोर आलं तेव्हाच ते मोठं होऊन बसलेलं. लग्न लागल्यावर मांडवात शिरल्यासारखं, कोण कुणाचा कोण काही कळत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

आज डेक्स्ड. यामाहाच्या डीएक्स सेव्हन या जुन्या सिंथेसायझरची नक्कल. हेही मोठंच, पण एक गोष्ट उमगली, आवाज बनवणारं इंजिन एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहे आणि ते मुळात गूगलच्या अँड्रॉइडसाठीच्या सिंथ प्रोजेक्टमधून आलेलं. म्हणजे इंजिनाला प्लगिन म्हणजे काय हे माहीतच नाही. कवच वेगळं, इंजिन वेगळं. मग मी दोन्ही एकाच रेपोत का शोधतेय? कवच कसं लिहायचं ते एकीकडे वाचायचं, तार कशी वाजवायची ते दुसरीकडे.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत, काम शून्य, तिळाच्या वड्या भरपूर.

आज फक्त शोधाशोध. गिटहबवर, म्हणजे लोक कोड ठेवतात त्या साइटवर, तारे (लोकांची पसंती) बघून शोधलं की परत मोठेच प्रकल्प वर येतात, तारे वापरणारे देतात, वाचणारे नाही. मग उलटं केलं. डेबियन या लिनक्समध्ये एलव्हीटू (प्लगिनचा एक फॉरमॅट) प्लगिनांची पॅकेजेस बघितली, सोर्स उतरवला आणि प्रत्येकाच्या ओळी मोजल्या. डेबियनचा फायदा असा की तिथे पोचलेला कोड निदान बिल्ड होतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनतो. गिटहबवरचे निम्मे 'माझं पहिलं प्लगिन' रेपो बिल्डच होत नाहीत, एकाच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, तर नुसतं 'लवकरच' लिहिलंय आणि शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला बदल, चार वर्षांपूर्वीचा.

माझी चाळणी अशी ठरली: एका बैठकीत वाचून होईल एवढा, लायसन्सची फाइल असलेला, आणि ज्यात खिडकी नाही म्हणजे नुसते आकडे फिरवायचे पोर्ट आहेत, कारण खिडकी आली की निम्मा कोड बटणं काढण्यात जातो आणि तो सगळा माझ्यासाठी भुसा.

फॉरमॅटचं डोक्यात साफ करून घेतलं. लॅडस्पा २००० सालचं, साधं पण त्यात मिडी, म्हणजे कुठला स्वर कधी वाजवायचा त्या सूचना, नाही. व्हीएसटी टूचं एसडीके (प्लगिन लिहायला लागणाऱ्या फाइली) स्टाइनबर्गने २०१८ मध्ये द्यायचं बंद केलं, त्यामुळे जुनी ट्युटोरियलं वाचून उपयोग नाही, ती फाइलच अधिकृतपणे मिळत नाही. क्लॅप २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या ऑडिओ कंपन्यांनी आणलं, एमआयटी लायसन्स, दिसायला छान आहे. पण मला आर्डरमध्येच वाजवायचंय आणि एलव्हीटूच्या सोबत उदाहरणं येतात, तीही एकेक पायरी चढत जाणारी: ॲम्प, मिडीगेट, फिफ्थ्स, मेट्रो, सँपलर, स्कोप. झालं, एलव्हीटू.

रविवार, १९ जानेवारी

ॲम्प वाचलं. आवाज कमीजास्त करणारं प्लगिन, यापेक्षा मठ्ठ काही नसेल, आणि आजवर वाचलेल्यातलं सगळ्यात कामाचं हेच. सी मधली एक फाइल, त्यातही कॉमेंट कोडाएवढ्याच, कारण त्या कॉमेंटमधूनच त्यांचं पुस्तक तयार होतं.

सगळं मिळून सात फंक्शनं. इन्स्टॅन्शिएट म्हणजे जन्म, कनेक्ट पोर्ट, ॲक्टिव्हेट, रन, डीॲक्टिव्हेट, क्लीनअप, आणि एक्स्टेन्शन डेटा. मी दोनदा चुकून वाचलं ते कनेक्ट पोर्ट. मला वाटलं इथे आवाज येतो. आवाज नाही येत, पत्ता येतो. होस्ट, म्हणजे प्लगिन चालवणारं आर्डरसारखं सॉफ्टवेअर, सांगतो की शून्य नंबरच्या पोर्टचा आकडा मेमरीत इथे ठेवलाय, एक नंबरचा तिथे, आणि प्लगिनने तो पत्ता खिशात ठेवायचा. बफर, म्हणजे आकडे ठेवायची ती जागा, होस्टचा, प्लगिन फक्त भाडेकरू. मग रन येतं, त्यात 'एवढी सँपलं, म्हणजे आवाजाचे एकेक आकडे, कर' एवढंच सांगतात, ६४ म्हणतील नाहीतर १०२४ म्हणतील, आपण विचारायचं नाही.

एक बारीक गोष्ट आवडली. डेसिबलवरून गुणक काढणारं एक मॅक्रो आहे, त्यात उणे ९० च्या खाली गेलं की सरळ शून्य देतात. सूत्राने शून्य कधीच येणार नाही, फक्त लहान लहान होत जाईल, पण माणसाने नॉब तळाला नेला म्हणजे त्याला गप्प हवंय. असली ओळ मला सुचली नसती.

कॉपी पेस्ट न करता सगळं हाताने टाइप केलं. वेळ जातो पण डोळे ज्याच्यावरून घसरतात तिथे बोटं अडकतात.

सोमवार, २० जानेवारी

आजचा दिवस दोन चुकांत गेला. पहिली टर्टल फाइलमध्ये. एलव्हीटूत प्लगिनची माहिती, म्हणजे नाव, पोर्ट किती, कुठला आकडा कुठून कुठपर्यंत, हे कोडमध्ये नसतं, बाजूच्या मजकूर फाइलीत असतं. त्या भाषेत अर्धविराम म्हणजे 'याच वस्तूबद्दल अजून सांगते' आणि पूर्णविराम म्हणजे 'संपलं'. मी शेवटी अर्धविराम ठेवून दिला. प्लगिन यादीतच येईना. व्हॅलिडेटर चालवल्यावर ओळीचा नंबर मिळाला.

दुसरी चूक खरी मजेची. यादीत दिसायला लागलं पण लोड करताना होस्ट म्हणे आत डिस्क्रिप्टरच नाही, म्हणजे प्लगिनची ओळख देणारं फंक्शनच सापडत नाही. अरे आहे ना, माझ्या समोर आहे! लायब्ररीतली नावं छापून बघितली तर त्या फंक्शनच्या नावाला पुढेमागे शेपट्या लागलेल्या, सी प्लस प्लस लावतं तशा. पण हेडरमध्ये तर ते सी म्हणूनच जाहीर केलेलं आहे, मग? तासाभराने दिसलं, हेडरमध्ये पॅरामीटर बिनचिन्ह ३२ बिटांचा आहे आणि मी साधा इंट लिहिला. कंपायलरला वाटलं हे दुसरंच फंक्शन, त्याच नावाचं, आणि त्याने काही न बोलता ते सी प्लस प्लसचं करून टाकलं. वॉर्निंगसुद्धा नाही. अकरा वर्षं ही भाषा लिहितेय मी.

रात्री सव्वाबाराला आर्डरमध्ये माझं ॲम्प चाललं. आवाज कमी झाला, जास्त झाला. उगाच पाच मिनिटं तेच करत बसले.

रविवार, २६ जानेवारी

मेट्रो वाचलं. हे तंबोऱ्याच्या जवळचं आहे, ठरावीक वेळाने टण्ण करायचं. आपल्याला पण तेच पाहिजे, फक्त टण्ण चार वेगवेगळे आणि एकमेकांत मिसळणारे.

यातून काय घेतलं: साइनची लाट ते इन्स्टॅन्शिएटमध्येच तयार करून ठेवतात, रनमध्ये नुसती वाचतात. आणि ठोका बफरच्या सुरुवातीला पडेल असं धरत नाहीत, ३७ व्या सँपलला पडला तर ३७ व्यालाच. मी हे माझ्या डोक्याने लिहिलं असतं तर 'रनच्या सुरुवातीला बघ, वेळ झाली का' असं लिहिलं असतं, आणि मग १०२४ च्या बफरला, सेकंदाला ४८००० सँपलं धरून, २१ मिलिसेकंदांपर्यंत तार मागेपुढे छेडली गेली असती. कानाला ते लंगडं लागतं.

फिफ्थ्स पण चाळलं, आलेल्या प्रत्येक स्वरासोबत पेटीवर सात घरं वरचा स्वर वाजवतं. सा ला प, झालं. तंबोऱ्याला हेच लागणार म्हणून मिडी नंबरवरून फ्रिक्वेन्सी काढायचं सूत्र वहीत लिहून ठेवलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

आता तार. कार्प्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ ची युक्ती, वाचून हसूच आलं इतकी सोपी. एक रांग घ्यायची, तिच्यात नुसता गोंगाट भरायचा, मग पुढून एक आकडा काढायचा, शेजारच्याशी सरासरी करायची आणि मागे लावायचा. रांगेची लांबी म्हणजे स्वर. गोंगाट फिरता फिरता मऊ होतो आणि तार छेडल्यासारखा आवाज येतो. भौतिकशास्त्र जवळपास शून्य.

याचा नीट लिहिलेला कोड हवा म्हणून एसटीके उघडलं, वाद्यांचे आवाज तयार करणारा खुला कोड, पेरी कुक आणि गॅरी स्कॅव्होन यांचं, नव्वदच्या दशकापासून चालू आहे. प्रत्येक वाद्याला एक छोटा क्लास. आणि त्यात सतार आहे! खरंच, सतार नावाचा क्लास. फाइल इतकी लहान की जेवणाआधी वाचून झाली. लायसन्सही मोकळं.

रविवार, २ फेब्रुवारी

एसटीकेची सतार माझ्या कवचात बसवली, पेटीच्या काळी एकचा सा, १३८.५९ हर्ट्झ. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे काळी एक आहे होय?"

"हो."

"काहीतरीच काय. पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी आहे. आणि हा तंबोरा नाहीये गं, सतार आहे."

दोन्ही बरोबर निघालं.

पहिलं असं: एसटीकेचा सँपल रेट (सेकंदाला किती सँपलं) जागतिक आहे, सगळ्या क्लासांना मिळून एकच, आणि न सांगितल्यास तो ४४१०० धरतं. माझं आर्डर ४८००० वर. १४७ सेंट (पेटीच्या शेजारच्या दोन घरांत १०० सेंट) चढं, म्हणजे एक स्वर वर आणि पुढच्या स्वराच्या अर्ध्यात, आई म्हणाली नेमकं तिथेच. रेट सांगितला की दुरुस्त होतं, पण प्लगिनमध्ये असा जागतिक आकडा नकोच, उद्या एकाच वेळी दोन होस्ट दोन रेटने वापरायला लागले तर एक दुसऱ्याचा सूर बिघडवेल. एसटीके हे स्वतंत्र प्रोग्रामांसाठी बनलंय, प्लगिनसाठी नाही, त्यांची चूक नाही. मी फक्त पद्धत घेते, क्लास माझा लिहिते.

दुसरं: त्या सतारीत छेडताक्षणी रांगेची लांबी मुद्दाम ५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे टाकलीये आणि मग दर सँपलला एक लाखांशाने ती जागेवर येते. हिशोब केला, यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. ५ टक्के म्हणजे ८४ सेंट, जवळजवळ एक स्वर ओढल्यासारखं. मींड! म्हणून सतार. तंबोऱ्यात हे काढून टाकायचं.

दोन ओळींत वाद्य ओळखू येतं किंवा येत नाही, हे बघून थोडी चक्रावलेच.

रविवार, ९ फेब्रुवारी

चार तारा. प, सा, सा (ही जोड), आणि खर्ज म्हणजे खालचा सा. पंचम १०३.९, जोड १३८.६, खर्ज ६९.३. छान वाजतंय पण जोड आणि खर्ज मिळून एक संथ घुमका येतोय, तीनेक सेकंदांनी एकदा. एक्स फोर्टीटूचं ट्यूना लावलं, आर्डरच्याच एका डेव्हलपरची प्लगिनं आहेत ती, स्वर मोजायला झकास. जोड ४ सेंट चढी.

कारण रांगेची लांबी पूर्णांक. ४८००० भागिले १३८.५९ म्हणजे ३४६.३५, सरासरी करण्यात अर्धं सँपल जातं म्हणून ३४५.८५ हवं, आणि मी इंट करून ०.८५ उडवलं. खर्जाला नशिबाने ०.१८ च उडालं म्हणून तो जवळपास सुरात. एसटीकेत यासाठी ऑलपास नावाचा फिल्टर वापरून अर्धंमुर्धं सँपल सांभाळणारी डिले लाइन (म्हणजे तीच रांग) आहे, काल मी तिच्यावरून पुढे गेले होते, 'हे काहीतरी गणित आहे' म्हणून. आज परत गेले. दहा ओळी आहेत. मी स्वतः लिहिल्या, ट्यूनाचा काटा मधोमध.

कोड वाचताना आपल्याला अजून पडलेला नाही तो प्रश्न त्यात सोडवलेला असतो, तेव्हा तो भाग नुसता अडगळ वाटतो. आधी आपलं मोडलेलं लागतं, मग त्याच ओळी वाचता येतात.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आर्डर मधूनच चटचट करतंय. बफर ६४ वर नेला की जास्त, १०२४ वर अजिबात नाही. ६४ म्हणजे १.३ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकलं नाही तर चट्.

मग नियम वाचले जे आधी वाचायला हवे होते. रनच्या आत मेमरी मागायची नाही, कुलूप लावायचं नाही, फाइल उघडायची नाही, काही छापायचं नाही. यातलं काहीही कधीतरी एकदा उशीर लावू शकतं आणि तो एकदाच पुरतो. माझ्या रनमध्ये डीबगसाठी टाकलेली छापायची ओळ तशीच होती, वर छेडताना दरवेळी गोंगाटासाठी नवीन व्हेक्टर, म्हणजे नवीन मेमरी. ऑफिसात असा कोड मीच पास करते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मग एक प्रयोग केला. उतरवलेल्या सगळ्या प्लगिनांत रन फंक्शन काढायचं आणि एकच प्रश्न घेऊन वाचायचं, मेमरी कुठे मागितलीये? बाकी काही समजलं नाही तरी चालेल. दोन तासांत नऊ प्लगिनं बघून झाली. एलव्हीटूच्या सँपलर उदाहरणात फाइल बदलायची असते, ती कशी करणार? वर्कर म्हणून सोय आहे, रन फक्त चिठ्ठी टाकतं, दुसरा थ्रेड निवांत फाइल वाचतो आणि तयार झाल्यावर परत चिठ्ठी. मला सध्या लागणार नाही पण कुठे आहे ते कळलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, सकाळपासून ढोल, त्यामुळे कानाचं काम बाद. म्हणून चाचणीचा छोटा प्रोग्राम लिहिला, होस्टशिवाय इंजिन चालवणारा. तारा एकदा छेडायच्या आणि सोडून द्यायच्या, प्रत्येक ब्लॉकला किती वेळ लागतो ते फाइलीत टाकायचं.

आकडे सपाट, सपाट, आणि दोनेक मिनिटांनी एकदम वर. आवाज तर दहा सेकंदांतच गेलेला. शांततेला एवढं काम?

हे डीनॉर्मल. तार विझत जाते म्हणजे आकडे लहान लहान होतात, १० चा उणे ३८ वा घात याच्याही खाली गेले की माझ्या इंटेल लॅपटॉपचा प्रोसेसर त्यांना वेगळ्या, फार हळू वाटेने नेतो. बरं ती शून्यावरही पोचत नाही, तार विझवायला दर फेरीला ०.९९५ ने गुणते ते गोल केल्यावर परत तोच आकडा यायला लागतो. भूत होऊन फिरत बसते.

दोन जुन्या लोकांनी काय केलंय ते बघितलं. फ्रीव्हर्ब, आवाजाला खोलीचा घुमार देणारा, २००० च्या सुमाराचा, सार्वजनिक मालकीचा कोड, आठ कोंब फिल्टर आणि चार ऑलपास, बस. त्यात एक मॅक्रो आहे, आकड्याचे घातांकाचे बिट सगळे शून्य असतील तर आकडाच शून्य करतो. त्याची लिहायची पद्धत आजचा कंपायलर गैरसमज करून घेईल अशी आहे पण कल्पना स्वच्छ. दुसरीकडे एअरविंडोज, क्रिस जॉन्सनची ती शेकडो बिनखिडकीची प्लगिनं, एमआयटी लायसन्स. तिथे उलटं, आकडा फार लहान झाला की तो त्यात ऐकू न येणारा बारीकसा गोंगाट टाकतो. एक मेलेल्याला पुरतो, दुसरा मरूच देत नाही. मी पहिल्याच्या बाजूची. नुसती तुलना केली, १० चा उणे २० वा घात याच्या खाली गेलं की शून्य.

फ्रीव्हर्ब भोपळ्याच्या घुमण्यासाठी घ्यावा असाही विचार होता, पण त्याच्या रांगांच्या लांब्या, १११६, ११८८ वगैरे, या ४४१०० साठी थेट लिहिलेल्या आहेत. ४८००० वर खोली आपोआप लहान होते. एसटीकेनंतर आता माझी नजर असल्या आकड्यांवर आधी जाते. शिवाय भोपळा म्हणजे खोली नव्हे. राहू दे.

रविवार, २ मार्च

शेवटी तंबोरा घेऊन मिरजेला. आईला गाडी लागते म्हणून ट्रेनने, तंबोऱ्याला खिडकीची जागा. सतारमेकर गल्लीत आईच्या माहितीचे कारागीर आहेत. मागच्या वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचं अभिनंदन आईने केलं, काका म्हणाले, "हां, मिळालंय," आणि घोडीकडे बघत राहिले.

मला बघायचं होतं ते जवारी कशी काढतात. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण नाही, पुढे किंचित उतरता आहे. तार कंप पावताना त्या उतारावर चिकटते, सुटते, चिकटते. काका कानस दोनदा फिरवणार, तार चढवणार, छेडणार, ऐकणार, परत उतरवणार. मग तार आणि घोडीमध्ये दोरा, तो नखाने इतकुसा पुढे सरकवला आणि बंद आवाज उघडला, अक्षरशः दार उघडल्यासारखा. अजून एक केसभर सरकवला, गेला. परत मागे.

लॅपटॉप नेला होता, हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटून बरंच ऐकलं.

"ताई, तार चांगली हाय. पण ही कशावर टेकलीया?"

मी म्हणाले काका, कशावरच नाही.

"मग कशी बोलंल ती?"

शनिवार, ८ मार्च

'कशावर टेकलीये' याच्यावर आठवडा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याबद्दल लिहिलंय, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत आपोआप येणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एकाचा) स्थिर बिंदू असेल तो नियमाने ऐकूच यायला नको, आणि तंबोऱ्यात तो ठणठणीत ऐकू येतो, घोडीमुळे. म्हणजे घोडी नवीन उपस्वर तयार करते. माझी तार सरळ रेषेतलं गणित आहे, तिच्यात जे भरलं तेच विझत जाणार, नवीन काही जन्मणारच नाही.

मग अशी युक्ती: तार उतारावर टेकली की तिची लांबी क्षणभर कमी होते. तर रांगेची लांबी त्या त्या क्षणीच्या सँपलवरून थोडी बदलायची, एका बाजूला गेली तरच. आणि ऑलपासचं ते यंत्र माझ्याकडे आहेच, ज्याला मी अडगळ म्हटलं होतं. किती बदलायची यासाठी एक नॉब, नाव 'दोरा'.

पहिल्या प्रयत्नात किंकाळी, रांग फुगत जाऊन सगळं लाल. दोरा पाव सँपलच्या आत ठेवला तर जिवंत होतंय. अगदी थोड्या पट्ट्यात, म्हणजे नॉबच्या एवढ्याशा भागात, उपस्वर वरून खाली उतरत येतात. त्याच्या अलीकडे वायर, पलीकडे माशी.

रविवार, १६ मार्च

नॉबचा पट्टा आवळला, म्हणजे पूर्ण फिरवला तरी कामाच्याच भागात फिरेल. ॲम्पमधली उणे ९० ची ओळ आठवली, तळाला नेलं की दोरा पूर्ण बंद.

लायसन्स जीपीएल तीन ठेवलंय. एसटीकेवरून पद्धत घेतली हे रीडमीत लिहिलं, फ्रीव्हर्ब आणि एअरविंडोजचंही. कोड कुणाचाच उचललेला नाही पण कुठून कळलं ते लिहायला काय जातं. रीडमीत 'लवकरच' हा शब्द नाही, तपासून घेतलं.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. सकाळी श्रीखंडाआधी आई पहिल्यांदा या प्लगिनवर रियाजाला बसली. खरा तंबोरा अजून मिरजेत आहे, काका म्हणालेत तारा बसू देत आठवडाभर अजून. मी दाराआड उभी. पंधरा मिनिटं ती काही बोलली नाही, भैरव चालू होता, मला वाटलं जमलं.

मग थांबली. "पंचम किंचित उतरलाय का गं?"

ट्यूना लावलं, शून्य. काटा ढिम्म मधोमध. दाखवलं तिला.

"काट्याचं राहू दे. खर्जातून जो पंचम आपोआप येतो ना, त्याच्याशी मिळत नाहीये हा. चार-पाच सेकंदांनी एकदा हलतो."

कागद घेऊन बसले. खर्ज ६९.२९६, त्याचा तिसरा उपस्वर २०७.८९. माझा पंचम १०३.८३, त्याची दुप्पट २०७.६५. फरक पाव हर्ट्झला थोडा कमी, म्हणजे सव्वाचार सेकंदांनी एक हेलकावा. पंचम २ सेंट उतरलेला. काटा शून्य दाखवतो कारण काटा पेटीच्या हिशोबाने चालतो आणि माझं सूत्रही पेटीच्याच, ते जानेवारीत फिफ्थ्स वाचून वहीत उतरवलेलं, सात घरं वर. मध्ये एकदा हाताने १०३.९ लिहून बघितलं होतं, नंतर नीटनेटका कोड करायच्या नादात परत सूत्र लावलं.

सात घरांचं सूत्र काढलं, खालचा सा गुणिले दीड केलं. कमिटचा संदेश 'पंचम दीडपट, आईने पकडला'. बिल्ड केलं, आर्डर परत उघडलं, आता ट्यूना २ सेंट चढं दाखवतंय, दाखवू दे. आई परत बसली. मी श्रीखंड घोटायला गेले.